शाळेच्या दोन वेण्या : गुंत्यापासून रिबिनीपर्यंत

सकाळचे पावणेसात. गॅसवर पोह्यांना वाफ येतेय, रिक्षावाले काका सव्वासातला खाली हॉर्न वाजवणार, आणि पुढ्यात पाटावर बसलेलं डोकं काही केल्या एका जागी ठरत नाही. एक रिबीन सापडलीय, दुसरी कुठे गेली ते तिलाही माहीत नाही आणि मलाही. ज्यांच्या घरी लांब केसांची शाळकरी मुलगी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कंगवा अडकतो, "आई, ओढू नको ना!" सुरू होतं, भांग वाकडा येतो, आणि दुपारी पोरगी घरी येते तेव्हा एक वेणी जागेवर असते आणि दुसरीच्या झिपऱ्या झालेल्या असतात.

माझी लेक मनू आता तिसरीत आहे. बालवर्गात बॉबकट होता तोवर काही प्रश्न नव्हता. पहिलीत केस खांद्याखाली उतरले आणि तेव्हापासून आठवड्याचे सहा दिवस दोन वेण्या सुरू झाल्या. वेणी टिकावी म्हणून पहिले काही महिने मी ती नुसती घट्ट करत गेले, कारण माझी आई माझी तशीच घालायची. डोळे वर ओढले गेले की वेणी जमली असं आमच्या घरी समजत. हे चुकतंय असं मला सांगितलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी जन्मात कुणाची वेणी घातलेली नाही, पण अंबाडीचे दोर, कासरे, दावी आयुष्यभर वळली. एकदा माझी ओढाताण बघून म्हणाले, "पेड सारखे घेतलेस तर एवढं ओढावं लागायचं नाही. ओढून दोर पक्का होत नसतो." दोरालाही पेड आणि वेणीलाही पेड, शब्द एकच आहे, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून वेणीत माझा सगळा जीव दोन गोष्टींवर असतो: पेड सारखे आहेत का आणि ताण सारखा आहे का. त्या दृष्टीने एकेक पायरी लिहिते. माझ्यासारख्या आयांसाठी तर आहेच, पण ज्या बाबांवर किंवा आजोबांवर अचानक हे काम येऊन पडलंय त्यांच्यासाठी जास्त.

आधी बैठक आणि सामान

मुलीला उंच खुर्चीवर बसवू नका. तिचं डोकं तुमच्या छातीच्या पातळीवर यायला हवं. त्याहून वर असेल तर तुमचे दंड दुखतात, आणि हात दुखले की शेवटचे दहा वेढे कसेही पडतात. आम्ही ती पाटावर आणि मी मोड्यावर अशा बसतो. तिच्या हातात काहीतरी द्यायचं, मात्र मोबाईल नाही. मोबाईल दिला की मान खाली जाते आणि खाली घातलेल्या मानेवरची वेणी मान वर केली की सैल पडते. त्यापेक्षा समोर आरसा टेकवून ठेवावा. स्वतःकडे बघायला मुलांना कंटाळा येत नाही.

कंगवे दोन लागतात. एक विरळ, रुंद दातांचा, गुंता काढायला. दुसरा मागे लांब बारीक दांडी असलेला, भांग पाडायला. हा पार्लरचं सामान मिळतं तिथे सहज मिळतो. नवा कंगवा घेताना दातांमधून नख फिरवून बघा. स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याला साच्याची खरखरीत कड राहिलेली असते आणि ती कड केस कापते. बारीक दातांची फणी उवांसाठी ठेवावी. तिने गुंता सोडवायला गेलात तर केस सुटत नाहीत, तुटतात.

रबरं कापड गुंडाळलेलीच घ्या. भाजीच्या जुडीचं किंवा मिठाईच्या खोक्याचं साधं रबर घाईत हाताशी येतं, मीही लावलेलं आहे. पण ते केसाला चिकटतं आणि काढताना दहा-पंधरा केस घेऊनच निघतं. लावलंच असेल तर ओढू नका, छोट्या कात्रीने कापून टाका. रबर रुपयाचं, केस तिचे.

बाकी पाण्याची फवारणीची बाटली, दोन-चार चाप, आणि रिबिनी.

तेल रविवारचं, सोमवारचं नव्हे

भरपूर तेल थापून मग वेणी घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. तेलाला माझा विरोध नाही, वेळेला आहे. शाळेत जाताना थापलेलं तेल कपाळावर उतरतं, गणवेशाच्या कॉलरला लागतं, आणि धूळ धरून ठेवतं. तेलाचा खरा उपयोग न्हाण्याच्या आधी. केस पाण्यात फुगतात आणि धुताना त्यांच्यातलं प्रथिन थोडंथोडं निघून जातं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज अशी तीन तेलं केसांवर लावून पाहिली होती, आणि ही झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. म्हणजे आजी बरोबर होती.

तेव्हा शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी कोमट तेल लावायचं. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन छोटे चमचे पुरतात. टाळूवर ओतण्यापेक्षा केसांच्या टोकांना लावा, कारण टोकं सगळ्यात जुनी आणि सगळ्यात रखरखीत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे कमरेपर्यंतच्या केसाचं टोक चार-पाच वर्षांचं असतं. थंडीत खोबरेल गोठतं (चोवीस-पंचवीस अंशांखाली गेलं की घट्ट व्हायला लागतं), तेव्हा बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी ठेवायची, गॅसवर नाही.

शाळेच्या दिवशी फक्त दोन थेंब तळहातावर चोळून वरून हात फिरवायचा, म्हणजे कानाजवळचे उडते केस बसतात.

गुंता

वेणीचा अर्धा वेळ इथे जातो आणि रडारड तर सगळी इथेच होते. गुंता काढायची एकच रीत आहे, पण घाईत ती कुणी पाळत नाही: खालून सुरुवात करायची.

केसांची एक बट हातात घ्या. टोकापासून चार बोटं वर तिला मुठीत घट्ट धरा, आणि मुठीच्या खालचेच केस विंचरा. ते मोकळे झाले की मूठ चार बोटं वर सरकवा. परत विंचरा. असं करत मुळापर्यंत जायचं. मुठीमुळे कंगव्याचा हिसका तुमच्या हातात अडतो, तिच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. वरून कंगवा घातला तर वाटेतल्या सगळ्या लहानसहान गाठी खाली ढकलत ढकलत एका मोठ्या गाठीत जमा होतात आणि मग ती गाठ कुणालाच सुटत नाही. मुठीची युक्ती कळल्यावर आमच्याकडचं रडणं आठवडाभरात थांबलं. आता कधी मी घाईत वरून कंगवा घातला तर मनूच म्हणते, "आई, मूठ!"

मानेवर, कॉलर घासते तिथे, आणि झोपताना उशी लागते तिथे पक्क्या गाठी होतात. अशा गाठीवर थोडं पाणी फवारा, किंवा थेंबभर तेल लावा, आणि कंगवा बाजूला ठेवून बोटांनी ती आडवी फाकवा. गाठ दोन भागांत फाकली की अर्धी सुटली. अगदीच जट झाली असेल तर कंगव्याच्या दांडीचं टोक तिच्या मधोमध घालून एकेक केस बाहेर काढायचा. टीव्ही लावून बसायचं काम आहे हे, शाळेच्या सकाळी करायचं नाही.

ओले केस विंचरावेत का? सरळ केस असतील तर नको. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. न्हाल्यावर पंच्याने टिपून, अर्धे वाळू द्यावेत, मग हात लावावा. कुरळ्या केसांचं उलट आहे. ते कोरडे विंचरले तर फुगतात आणि तुटतात, म्हणून ते ओले असताना, कंडिशनर लावलेले असतानाच रुंद कंगव्याने किंवा बोटांनी सोडवायचे.

कंगव्यात आलेले केस बघून घाबरू नका. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं साधी गोष्ट आहे, आणि वेणीत दिवसभर अडकून राहिलेले सगळे एकदम सोडताना दिसतात. माझी आजी हे केस गोळा करून डब्यात ठेवायची आणि दारावर केसांवर भांडी देणारी बाई आली की त्यांच्या बदल्यात चहाची गाळणी घ्यायची. आजीच्या केसांचं कुणाचं तरी गंगावन झालं असेल.

भांग

दांडीवाल्या कंगव्याचं टोक नाकाच्या शेंड्याच्या रेषेत कपाळावर टेकवा आणि टाळूवरून हलकेच मागे ओढत टाळूच्या मध्यापर्यंत न्या. इथे थांबा. उरलेला भांग, म्हणजे टाळूपासून मानेच्या खड्ड्यापर्यंतचा, समोरून पाडता येत नाही. त्यासाठी मागून बघा, मानेचा मधला खड्डा बोटाने शोधा, आणि वरची रेषा त्या खड्ड्याला आणून मिळवा. दोन्ही बाजूंचे केस हातात धरून जाडी बघा. एका बाजूला जास्त वाटले तर भांग मागच्या बाजूला सरकलेला असतो, पुढून सरळच दिसतो.

एक बाजू चापात किंवा सैल रबरात अडकवून ठेवा. नाहीतर ही वेणी घालेपर्यंत ती बाजू परत मिसळते आणि भांग पहिल्यापासून पाडावा लागतो.

भांग रोज अगदी त्याच रेषेवर पाडू नये. चार-आठ दिवसांनी अर्धा बोट इकडेतिकडे करावा. रोजचा ताण त्याच त्या केसांवर येत नाही, आणि भांग रुंदही दिसत नाही. शाळेत तिरका भांग चालत असेल तर अधूनमधून तोही पाडावा.

तीन पेड

ज्यांनी आधी कधी वेणी घातलेली नाही त्यांनी पहिले दोन दिवस मुलीच्या डोक्यावर प्रयोग करू नये. परकराच्या तीन वेगळ्या रंगांच्या नाड्या घ्या, एकत्र गाठ मारून खिडकीच्या गजाला बांधा. समजा लाल डावीकडे, पांढरी मध्ये, हिरवी उजवीकडे. उजवी हिरवी मधल्या पांढरीवरून मध्ये आणा. आता पांढरी उजवीकडे गेली. मग डावी लाल, मध्ये आलेल्या हिरवीवरून मध्ये आणा. हिरवी डावीकडे गेली. परत उजवी. परत डावी. यात लक्षात ठेवायचं एवढंच की बाहेरचा पेड वरून मध्ये येतो, आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने पाळी मिळते. एकाच बाजूचा पेड लागोपाठ दोनदा आणला की वेणी तिथे वळते. रंगीत नाड्यांवर ही चूक लगेच दिसते, काळ्या केसांवर दिसत नाही. आमच्या घरी मनूचे बाबा असेच शिकले. गॅलरीच्या गजाला पंधरा दिवस तिरंगी वेणी लटकत होती.

हात कसे धरायचे यात खरी मेख आहे. दोन्ही बाहेरचे पेड दोन्ही हातांच्या खालच्या तीन बोटांत, तळहाताशी दाबून धरायचे. अंगठा आणि पहिलं बोट मोकळं ठेवायचं, कारण मधला पेड त्या चिमटीत असतो. उजवा पेड मध्ये आणताना डाव्या हाताच्या चिमटीने तो पकडायचा, उजव्या हाताने जुना मधला घ्यायचा. पुढच्या वेळी उजव्या हाताची चिमूट तेच काम करते. पेड कधीही हवेत सुटत नाही. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं बाजूला राहतं आणि बोटंच काम करायला लागतात.

आता डोक्यावर. एका बाजूचे केस कानामागे घेऊन तीन भाग करा आणि प्रत्येक भाग चिमटीत दाबून जाडी बघा. इथे आळस केला की वेणी एका अंगाला झुकते, आणि बारीक पेड जाड पेडांमधून घसरून बाहेर येतो. दुपारपर्यंत सुटणाऱ्या वेणीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. वेणी सैल असते म्हणून नव्हे, पेड लहानमोठे असतात म्हणून ती सुटते. जाड पेडातली बट बारकीला द्या आणि मग सुरू करा. खाली येता येता सगळेच पेड बारीक होत जातात, पण सारखे होत नाहीत. अर्ध्यावर आल्यावर पुन्हा एकदा जाडी बघून घेवाण-देवाण करावी.

दर वेढ्यानंतर बाहेरचे दोन पेड दोन बाजूंना आडवे फाका. खाली ओढू नका. आडवं फाकलं की पडलेला वेढा आपोआप वर जाऊन आधीच्या वेढ्याला चिकटतो. खाली ओढलं तर वेढा आहे तिथेच राहतो आणि ओढ बसते ती मुळांना. दोरही असाच वळतात, अण्णांनी दाखवलं.

आणि हात मानेजवळ ठेवा. वेणी पाठीवर जशी लोंबणार आहे त्याच दिशेने ती घालायची. नीट दिसावं म्हणून केस डोक्यापासून दूर, आपल्याकडे ओढून घातली तर सोडल्यावर मुळाशी फुगवटा येतो आणि कानामागचे केस सैल पडतात.

टोकाशी तीन बोटं केस राहिले की थांबा, रबराला दोन-तीन वेढे द्या.

किती घट्ट?

यावर जरा थांबते, कारण इथे माझी चूक झाली होती.

मनू पहिलीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तिच्या कानाच्या वर, कपाळाच्या कडेला, दोन्ही बाजूंना केस विरळ झालेले दिसले. बारीक लालसर पुळ्याही होत्या. मी तेल वाढवलं. पुळ्या वाढल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "वेणी कोण घालतं?" रोज तेच केस त्याच दिशेने ओढले गेले की मुळं सुजतात आणि केस गळायला लागतात. लवकर लक्षात आलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर ती जागा कायमची विरळ होऊ शकते. आम्ही सुट्टीभर केस मोकळे किंवा अगदी सैल शेपटा ठेवला, शाळेला चिठ्ठी दिली, आणि तीन-चार महिन्यांत तिथे नवं मऊ केसांचं लव आलं.

आता मी वेणी झाल्यावर तीन गोष्टी बघते. तिला भुवया वर-खाली करायला सांगते. कपाळाची कातडी ताठ वाटली तर सैल करते. वेणीच्या मुळाशी, कानामागे, माझी करंगळी सहज शिरायला हवी. आणि तिला विचारते, "दुखतंय?" मुलं खरं सांगतात, आपणच "होईल सवय" म्हणतो. भांगाच्या कडेला केसांच्या मुळांशी कातडी छोट्या तंबूसारखी उचललेली दिसत असेल तर तिने काही न सांगताच वेणी सोडावी.

रिबीन गुंफून वर बांधलेल्या वेण्या

बऱ्याच शाळांना वेण्या लोंबत्या नको असतात, वर बांधलेल्या हव्या असतात. आपल्या लहानपणीच्या त्याच. दिसायला अवघड वाटतं, पण ही वेणी साध्या वेणीपेक्षा जास्त टिकते, कारण रिबीन वेणीचाच एक भाग होते.

एका वेणीला एक ते सव्वा मीटर रिबीन लागते. गुळगुळीत सॅटिनची सणाला शोभते, शाळेला नको, गाठ सुटते. शाळेची साधी विणलेली नायलॉनची बरी. टोकं उसवत असतील तर मेणबत्तीवर क्षणभर धरून डागून घ्या, हे काम मोठ्यांनीच करायचं.

कानाच्या पाळीपर्यंत साधी वेणी घाला. मग रिबीन मधोमध दुमडून तिचा मध्य मधल्या पेडाच्या मागे आडवा ठेवा, म्हणजे एक टोक डाव्या पेडाबरोबर आणि एक उजव्या पेडाबरोबर येईल. आता रिबिनीसकट पेड धरून वेणी पुढे घाला. पहिले दोन वेढे जपून, तिथे रिबीन पीळ घेते. ती सपाट राहील असं बघा. केस संपत आले की रिबिनीच्या एका टोकाचे दोन वेढे वेणीच्या शेवटाला द्या आणि दुसऱ्या टोकाशी साधी गाठ मारा. रबर लागत नाही.

मग वेणी वर दुमडा, टोक कानामागे, वेणीच्या मुळाच्या आतल्या बाजूला जाईल अशी. रिबिनीची दोन्ही टोकं मुळाभोवती दोन बाजूंनी फिरवून पुढे आणा, गाठ मारा, आणि फूल बांधा. गाठ मारण्याआधी कान मोकळा आहे ना ते बघून घ्या. कानाची वरची कड रिबिनीत सापडली तर मूल वर्गात दिवसभर चुळबुळ करतं आणि बाईंना वाटतं की लक्ष नाही. दुसऱ्या बाजूचा दुमड तेवढ्याच उंचीवर यावा म्हणून मी पहिल्या बाजूच्या दुमडाचं खालचं टोक जबड्याच्या कुठे येतं ते बघून ठेवते.

सागरवेणी, गॅदरिंगसाठी

साधी वेणी हाताला बसली की सागरवेणी अवघड नाही. कपाळावरची तीन बोटं रुंद बट घ्या, तिचे तीन पेड करा, एकदा उजवा, एकदा डावा, साधे वेढे. पुढच्या प्रत्येक वेढ्याआधी बाहेरच्या पेडात त्या बाजूच्या कडेची एक बारीक बट मिसळा आणि मग तो पेड मध्ये आणा. बटा सारख्या जाडीच्या हव्यात. मी त्या दांडीच्या टोकाने काढते, बोटाने काढल्या की एक जाड, एक बारीक येते. मानेपर्यंत आल्यावर बाजूचे केस संपतात, तिथून साधी वेणी. मानेजवळ तिला हनुवटी वर धरायला सांगा. मान खाली असताना घातलेला भाग नंतर पोत्यासारखा फुगतो.

पेड वरून न आणता मधल्या पेडाच्या खालून आणलात तर वेणी डोक्यावर उठून दिसते. नाचाला ती छान दिसते आणि गजराही तिच्यावर नीट बसतो. गजरा आकड्याने वेणीच्या वेढ्यात अडकवायचा, टाळूवर नाही, आणि आकडा आधी स्वतःच्या मनगटावर टोचून बघायचा. मुलांच्या डोक्याला मोगऱ्याचा हातभर गजरा जड होतो. अबोलीचा वळेसर हलका, आणि सुकला तरी रंग राहतो.

केस ऐकत नसतील तर

अगदी रेशमी, सरळ केसांची वेणी न्हाल्याच्या दिवशी घसरतेच. रविवारी न्हायलं तर सोमवारी जरा पकड येते, किंवा पाण्याचा हलका फवारा मारून घालावी. फवारा म्हणजे ओलं करणं नव्हे. पावसाळ्यात ओल्या केसांची वेणी घातली तर ती संध्याकाळी आतून ओलीच निघते, वास येतो आणि डोकं खाजतं. पुढचे कापलेले आखूड केस वेणीत कोंबू नका, ते तासाभरात बाहेर येणारच. सपाट चाप लावून मोकळे व्हा.

उवा

दोन वेण्या बांधायचं एक कारण हेही आहे. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. मोकळ्या केसांपेक्षा बांधलेल्या केसांत तिला वाट कमी मिळते. तरी शाळा सुरू झाली की एकदा तरी येतातच, आणि त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही, तेव्हा पोरीला बोलू नका.

लिखा कानामागे आणि मानेवर मुळाशी चिकटलेल्या असतात. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचं, बटेबटेने फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. दोन-तीन दिवसांआड, दोन आठवडे. लिखेतून पिल्लू बाहेर यायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषधही एकदाच लावून भागत नाही, सांगितलेल्या दिवशी परत लावावं लागतं. रॉकेल अजिबात नको, त्याने कातडी भाजते आणि जवळ आग असेल तर जीवाशी खेळ. सीताफळाच्या बियांची पूडही गावाकडे लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा आमच्या घरी ती पूड कपाटात होती.

संध्याकाळी

शाळेतून आल्यावर वेणी सोडा, तशीच झोपवू नका. रबर काढून खालून वर बोटांनी पेड मोकळे करायचे, कंगवा नंतर. मग बोटांच्या पेरांनी दोन मिनिटं डोकं चोळायचं. मनूला अख्ख्या वेणीप्रकरणात हेच आवडतं. तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत असं आजी म्हणायची, म्हणून आम्ही चारच्या दुधाबरोबर हे उरकतो. रात्री झोपताना एकच सैल शेपटा, खाली रबर, मुळाशी काही नाही. त्याने सकाळचा गुंता निम्मा होतो.

रिबिनी त्याच वेळी साबणाच्या पाण्यातून काढायच्या, पिळायच्या नाहीत, आणि ओल्याच स्टीलच्या डब्याभोवती सपाट गुंडाळून ठेवायच्या. सकाळी कडक वाळलेल्या असतात, इस्त्री लागत नाही, आणि दोन्ही एकाच डब्यावर असल्यामुळे दुसरी शोधावी लागत नाही.